जिन्यावरचं नितळ पाणी

टीव्हीच्या कार्यक्रमवाल्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात मेणाची सुरी होती आणि समोर एका निवृत्त न्यायाधीशाचा खालचा जबडा. आम्ही कवळ्या करतो. आम्ही म्हणजे आता मी एकटीच. पूर्वी बाबा, मी आणि काकू.

"ताई, तुमच्या बहिणीला यातलं काही सांगायचं नाही हं," ती मुलगी म्हणाली. "सरप्राइज आहे. आम्हाला बादलीबाई सापडली. खरीखुरी. ऐंशीच्या पुढे आहे, पण ठणठणीत. गुरुवारी तुमच्याकडे शूटिंगला येते म्हणाली."

सुरी मी दिव्यावर तापवायला धरली होती, ती तशीच धरून राहिले. "बरं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि त्या लालबुंद पात्याने न्यायाधीशाच्या मेणाच्या हिरडीत एक भोक पाडून ठेवलं.

माझी धाकटी बहीण कोण, हे सांगत बसत नाही. टीव्ही असलेल्या प्रत्येक घरात ती येऊन गेलेली आहे. लोकांना हसवते. तिचा पुढचा एक दात शेजारच्यापेक्षा किंचित लांब आहे आणि ती हसली की तो आधी दिसतो. त्या दातावर लोकांनी लेख लिहिलेत. तो मी केलेला आहे. मुळात एक अर्धा तुटलेला दात आहे आणि त्यावर मी केलेली कॅप आहे. दर सात-आठ वर्षांनी ती झिजते किंवा तिचा टवका उडतो, मग मी नवी करते. मोठमोठे डॉक्टर तिच्या ओळखीचे आहेत, पण ती कुणाला हात लावू देत नाही. "माझा दात ताई करते," असं मुलाखतींत सांगते आणि ऐकणारे म्हणतात, काय बहिणी आहेत बघा.

तो दात तुटला कसा, हे ती स्टेजवर करून दाखवते आणि तोच तिचा सगळ्यात गाजलेला भाग. बादलीबाई. कमरेवर बादली, ओठांचा चंबू, डुलत डुलत यायचं, "बाजूला व्हा, एक थेंब सांडायचा नाही," असं म्हणत. आणि मग सगळं सांडायचं. मालकावर, मांजरावर, जिन्यावर. शेवटी एक छोटी मुलगी त्या पाण्यावरून घसरते, दात तुटतो, आणि बादलीबाई तो तुकडा उचलून विचारते, "हा कुणाचा सांडला?" लोक हसून हसून वाकतात. पंचवीस वर्षं वाकताहेत. मी पहिल्या रांगेत बसते, तिनेच दिलेल्या पासावर. मीही हसते.

खऱ्या बादलीबाईने एक थेंबही सांडला नव्हता. हे मला माहीत होतं आणि त्या बाईला.

आमचं घर खाली आणि कारखाना वर. कारखाना हा बाबांचा शब्द; होत्या दोन खोल्या. वर असण्याचं कारण उजेड. दाताचा रंग दिव्याखाली जुळवायचा नाही, हा बाबांचा पहिला नियम. दुसरा नियम पाण्याचा. कवळीच्या कामात प्लास्टर फार. साचे त्याचेच असतात. हात, वाट्या, सुऱ्या सगळं माखतं, आणि ते नळाखाली धुतलं तर आठवड्यात पाइपात दगड होतो. म्हणून सगळं एका बादलीत धुवायचं. पाणी दुधासारखं व्हायचं. जेवणाच्या आधी ती बादली जिन्याच्या मधल्या वळणावर, तिथे चटईएवढी जागा होती, तिथे नेऊन ठेवायची आणि तासभर तिला हात लावायचा नाही. प्लास्टर तळाला बसून घट्ट व्हायचं आणि वर राहायचं नितळ पाणी, प्यावंसं वाटेल असं. मग ते वरचं पाणी मागच्या अंगणात ओतायचं आणि तळाची वडी कचऱ्यात आपटायची.

हे काम काकूंचं. काकू म्हणजे नात्याने आमच्या कुणी नाहीत. त्या पॉलिशला होत्या. दिवसभर मशीनसमोर बसून कवळ्या घासायच्या. त्यांचं म्हणणं असं, की पॉलिश डोळ्याने तपासू नये. डोळा चटकन समाधानी होतो. "माणूस घरी गेल्यावर आरशात दोनदा बघतो," त्या म्हणायच्या, "पण जीभ दिवसभर आत फिरते. जिभेला कळलं पाहिजे." डॉक्टर लोकांना आमची कवळी डोळे मिटून ओळखू यायची ती काकूंमुळे. बादली त्या काठोकाठ भरलेली न्यायच्या आणि मागे जिना कोरडा असायचा. "एक थेंब सांडायचा नाही," हे स्वतःशीच पुटपुटत जायच्या. बहिणीने उचललं ते तिथूनच.

आई तयार कवळ्या कापसात गुंडाळून डब्यांतून दवाखान्यांत पोहोचवायची. बसमध्ये मांडीवर परक्यांचे दात घेऊन बसणारी बाई. हे वाक्य माझं नाही, बहिणीचं आहे. आठव्या वर्षी बोलली होती ती. घरात कामाची मी होते आणि कौतुकाची ती. अन्याय होता म्हणावं तर तसंही नाही, कारण ती खरंच मजेदार होती. कुणीही जिना चढून आलं की खाली उतरायच्या आत त्याची नक्कल तयार. बाबा, ज्यांच्या तोंडून "ठीक आहे" हे शब्द आले की आम्ही ते दिवसभर पुरवायचो, ते बाबा तिच्या नकलांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. मी बारा वर्षांची होते आणि मला "ठीक आहे" हवं होतं.

त्या दिवशी ते मिळणार होतं. मी पहिल्यांदाच एक पूर्ण कवळी एकटीने लावली होती. वरचे चौदा, खालचे चौदा, मेणात एकेक दात बसवलेला, चावा बरोबर जुळलेला. सहा दिवस लागले होते. दुपारी डॉक्टर येणार होते आणि बाबा त्यांना काहीही न सांगता ती दाखवणार होते. नंतर सांगणार होते, की हे हिचं काम. मी हात धुऊन, केस विंचरून उभी होते.

डॉक्टर आले. बाबा खिडकीशी कागद शोधत होते. तेवढ्यात बहिणीने कवळी उचलली, ओठांपुढे धरली आणि डॉक्टरांचीच नक्कल सुरू केली. "आ करा. अजून. अजून. अहो, मी आत येणार नाहीये." डॉक्टर हसले, बाबा हसले, काकूसुद्धा मशीन बंद करून हसल्या. मेण हाताच्या उबेने मऊ होतं. तिने ती खाली ठेवली तेव्हा पुढचे सहा दात आडवे झाले होते आणि चावा कुठल्या कुठे गेला होता. बाबा डोळे पुसत म्हणाले, "जाऊ दे, परत लावू." लावू. जणू ती त्यांनीच लावली होती.

डॉक्टर गेले, सगळे जेवायला खाली गेले. बहीण वळणापाशी रेंगाळत होती, खालच्या पायऱ्यांच्या तोंडाशी, पाठमोरी. स्वतःशीच "आ करा, आ करा" चाललं होतं. मी वरून उतरत आले आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं.

पाय अडखळला, धक्का लागला, असं काहीही नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःलाही ते सगळं सांगून पाहिलं आहे. दोन्ही हात तिच्या पाठीवर होते.

ती सहा पायऱ्या खाली गेली. खालच्या दगडी कडेवर तोंड आपटलं. आधी आवाजच आला नाही आणि मग ती किंचाळली. आतून आईची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझ्या पायाशी काकूंची बादली होती, डॉक्टर यायच्या आधी आणून ठेवलेली, तासभर न हललेली. मी ती कलंडवली. पाणी पायऱ्यांवरून खाली, रडणाऱ्या बहिणीपर्यंत गेलं, तिचा शाळेचा निळा स्कर्ट भिजला. मी बादली पुन्हा सरळ केली. हे सगळं करायला मला किती वेळ लागला असेल? आईला स्वयंपाकघरातून दारात यायला लागतो तेवढाच. इतकी हुशारी माझ्यात पुन्हा कधी आली नाही.

"काकूंनी बादली ठेवताना पाणी सांडलं," मी म्हणाले. "ती घसरली."

बाबांनी बहिणीला उचललं. तोंड रक्ताने भरलेलं, पुढचा दात अर्धा गेलेला, आणि ती हुंदके देत सांगत होती, "घसरले, घसरले." मी म्हटलं म्हणून म्हणत होती. काकू पदराने हात पुसत आल्या. त्यांनी पायरीवरच्या पाण्याकडे पाहिलं. वाकून बोट लावलं, बोट चोळलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पाणी नितळ होतं. काकू बादली उचलून आणतात तेव्हा ती हिंदकळते, ढवळते. त्या वेळी सांडलं असतं तर दुधासारखं सांडलं असतं. नितळ पाणी सांडायचं तर बादली तासभर एका जागी राहून मग कुणीतरी कलंडवायला हवी. हे आमच्या घरात लहान मुलालाही कळत होतं. ढवळलं न जाता वरचं पाणी ओतून देणं, हे तर रोजचंच काम. घाईत मला ते सुचलं नाही, एवढंच.

काकूंनी ते बोट पदराला पुसलं. बाबा खूप बोलले. मुलीच्या तोंडाचं वाटोळं झालं, निष्काळजीपणाला मर्यादा असते, उद्यापासून येऊ नका. बारा वर्षं कामाला असलेल्या बाईवर माझ्या एका वाक्याने खापर फुटलं आणि त्या डबा उचलून गेल्या. त्या वेळी मी जिन्यावरच उभी होते. जाताना त्या माझ्या बाजूने गेल्या आणि मी पाय आखडून घेतले, वाट देण्यासाठी. बाबांना कळलं होतं का? रंगातला एका छटेचा फरक पकडणारा माणूस. आईने तो स्कर्ट धुऊन वाळत घातला, जिने जन्मभर बाबांच्या पँटींवरचे प्लास्टरचे डाग घासले. मला वाटतं, कळलं असावं. पण एका मुलीचा दात गेला होता, दुसरीचं काय झालं हे बघायची त्यांची हिंमत नसेल झाली. दोघंही आता नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. अर्ध्या दातावर बाबांनी कॅप केली, ती सोळा वर्षांची झाल्यावर मी. जरा लांब झाली. ती आरशात बघून म्हणाली, "राहू दे, छान दिसते." शाळेच्या स्टेजवर, मग मोठ्या स्टेजवर, मग टीव्हीवर. बादलीबाई पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मध्यंतरात तोंड धुवायला गेले आणि ठरवलं, आज सांगायचं. बाहेर आले तर लोक तिला खांद्यावर घ्यायचे बाकी होते. मी मूग गिळून बसले. नंतर प्रत्येक वेळी उशीर झालेलाच होता, आणि उशीर झाला की अजून थोडा करायला फार कष्ट पडत नाहीत.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंकडे गेले. पत्ता त्या मुलीकडूनच घेतला. काकू पुतणीकडे राहतात, तळमजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत. जुन्या चादरींचे चौकोन कापत बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ वाकलेली, तोंडात एकही दात नाही आणि कवळीही नाही.

"केली होती एकाने," मी न विचारताच त्या म्हणाल्या. "पॉलिश बघितलं आणि परत दिली. बस."

मी बसले. आमच्याकडून गेल्यावर दोन वर्षं नुसत्या घरी होत्या, मग इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागल्या, तीस वर्षं चादरी. हे त्यांनी गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

"काकू, गुरुवारी येऊ नका तुम्ही," मी म्हणाले.

"का?"

"त्यांना हसायला पाहिजे म्हणून बोलावतायत."

"ते कळतं मला. म्हातारी झाले, खुळी नाही झाले." कात्री थांबली नव्हती. "मी इथे एकदा बोलून बसले, की त्या घरी मी कामाला होते. तेव्हापासून गल्लीतली पोरं माझ्यामागे कमरेवर हात ठेवून चालतात. पुतणीची मुलगी शाळेतून रडत आली होती. हसण्याचं काय नवीन आहे?"

"मग का येताय?"

"बादली न्यायला. भरलेली. वरपासून अंगणापर्यंत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एक थेंब सांडायचा नाही."

"अहो, तुमचं वय काय, तो जिना काय."

"मग दुसरं काय करू सांग. तोंडाने सांगितलं तर म्हणतील, म्हातारी आता सारवासारव करते. तू तर सांगणार नाहीस."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मला बोलावंसं वाटलं, सगळं, पहिल्यापासून. "काकू, त्या दिवशी मी..."

"मला कशाला सांगतेस? मी पाणी बघितलं होतं."

चादरीचे चौकोन एकावर एक रचत मी म्हणाले, "मी तिला सांगेन. गुरुवारी सकाळी ती आधी येणार आहे, कॅपचा टवका उडालाय. शूटिंगच्या आधी सांगेन. तुमच्यावर बादली उचलायची वेळ येणार नाही."

"बघू," काकू म्हणाल्या.

गुरुवारी बहीण नऊला आली. टोपी, गॉगल, आणि जिना चढतानाच सुरू. "ताई, ड्रायव्हर विचारतो, मॅडम, इथे काय आहे? म्हटलं, माझे दात इथे राहतात." माझ्या गळ्यात पडली. तिच्या गाडीत माझ्यासाठी आणलेल्या तीन पिशव्या होत्या. मी तिला खिडकीपाशी बसवलं, शेडकार्ड धरून रंग बघितला आणि मापाचा ट्रे भरला.

माझा बेत साधा होता आणि माझ्यासारखाच भेकड होता. मापाचा मसाला तोंडात घातला की तो घट्ट होईपर्यंत चार मिनिटं बोलता येत नाही, हलताही येत नाही. त्या चार मिनिटांत मी सांगणार होते. तिचं उत्तर न ऐकता पूर्ण सांगायला मला तेवढी पुरली असती.

ट्रे बसवला. तिने डोळे माझ्यावर लावले, लहानपणी लावायची तसे. ट्रे धरलेला माझा अंगठा तिच्या ओठावर होता. "नाकाने श्वास घे," मी म्हणाले. घड्याळात बघितलं. एक मिनिट गेलं. "अगं, तुला एक..." असं म्हणून मी थांबले. तिने भुवया उंचावल्या, काय म्हणून. तिच्या गालावर खळी पडायला लागली होती, म्हणजे ती हसू दाबत होती. मी काहीतरी गमतीचं सांगणार असं तिला वाटलं. दोन मिनिटं. तीन. मी म्हणाले, "हलू नकोस." चौथ्या मिनिटाला मी म्हणाले, "झालं."

तिने चूळ भरली. "काय सांगत होतीस?"

"काही नाही. मसाला कोरडा झालाय का बघत होते."

खाली गाडीची दारं वाजली. मंडळी आली होती.

त्यांनी जिन्यावर दिवे लावले, तारा अंथरल्या. सांगितल्याप्रमाणे मी प्लास्टरच्या पाण्याची बादली करून ठेवली होती, ती अर्धीच. बहिणीने रिकामी प्लास्टिकची बादली घेऊन बादलीबाई केली, खऱ्या जिन्यावर पहिल्यांदाच, आणि कॅमेरा धरणारा माणूससुद्धा हसून हलायला लागला. मग ती कार्यक्रमवाली मुलगी म्हणाली, "आणि आता वर बघा."

वर कारखान्याच्या दारात, बहिणीच्या नकळत आणून ठेवलेल्या, काकू उभ्या होत्या.

बहिणीला ओळख पटायला क्षणभर लागला. मग तिने दोन-दोन पायऱ्या चढून त्यांना मिठीच मारली. "तुम्ही आहात? अहो, तुमच्या जिवावर मी जगते." खोटं काही नव्हतं त्यात. तिला खरंच आनंद झाला होता, कारण तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या खांद्यावरून काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली आणि त्यांना काय ते समजलं.

"बादली कुठे आहे?" काकूंनी विचारलं. दाखवली तर म्हणाल्या, "अर्धी का? भर." मी भरली. माझ्याच हाताने भरली मी ती.

बहीण खाली जाऊन उभी राहिली. काकूंनी बादली डाव्या कमरेवर घेतली आणि निघाल्या. एक हात कठड्याला. वरच्या सहा पायऱ्या त्या अशा उतरल्या की बघणाऱ्यांची कुजबुज थांबली. जिना कोरडा होता. मी त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून, हात पुढे धरून, आणि मनात एकच, की पोहोचू दे. त्या पोहोचल्या तर मला बोलावं लागणार नाही, हेही त्यात होतं. वळण गेलं. खालची पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर त्यांचा गुडघा वाकला.

पडल्या नाहीत, कठडा धरला. पण बादली कलली आणि पाणी पायरीवर पसरलं.

सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती. पंचवीस वर्षं ज्या जागी हसायची सवय होती, ती जागा आली, म्हणून हसले. "वा, परफेक्ट," कुणीतरी म्हणालं. बहिणीने सवयीने तोंड उघडलं, "हा कुणाचा..."

काकूंनी बादली पायरीवर ठेवली. सांडलेल्या पाण्याकडे बघितलं. मग मान वळवून वर माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच. त्यांची एकच इच्छा होती आणि ती आमच्या जिन्यावर सांडून गेली होती.

"पांढरं आहे," मी म्हणाले.

"काय?" बहिणीने विचारलं.

"पाणी. नेताना सांडलं की पांढरं सांडतं. दुधासारखं. त्या दिवशीचं पाणी पांढरं नव्हतं."

बहीण अजून हसत होती, म्हणजे चेहरा हसतच राहिला होता. तीही त्याच घरातली. तिने पायरीकडे बघितलं, स्वतःच्या बुटावर उडालेल्या पांढऱ्या शिंतोड्यांकडे बघितलं. "माझा निळा स्कर्ट," ती सावकाश म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी तोच घालून गेले. एकही डाग नव्हता."

"मी ढकललं तुला," मी म्हणाले. "दोन्ही हातांनी. आणि नंतर बादली मी कलंडवली. काकूंनी काही सांडलं नव्हतं. कधीच नाही."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घ्यायला सुरुवात केली. "चालू राहू दे," बहीण त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिचा हात तोंडाशी गेला होता, त्या दातापाशी. "कवळीसाठी?" तिने विचारलं. तिला ती आठवत होती.

"हो."

"ते समजतं मला. आठ वर्षांची होते, पण तुझा चेहरा मी बघितला होता." "पण पंचवीस वर्षं मी या बाईंची टिंगल केली, ताई. आणि तू पहिल्या रांगेत बसून हसायचीस."

"हो," मी म्हणाले.

ती काकूंजवळ ओल्या पायरीवर बसली, तसल्या महागड्या कपड्यांत. काकू म्हणाल्या, "नक्कल चांगली करतेस. पण बादली डाव्या कमरेवर घे. मी डावखुरी आहे." बहीण हसली नाही. दोन्ही हातांत तोंड घालून रडली आणि काकू तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मी त्या वळणावर उभी होते. मला कुणी बोलावलं नाही.

जाताना तिने तीन पिशव्या जिन्याच्या पायथ्याशी ठेवल्या. "दात झाला की कुरिअरने पाठव," म्हणाली. "तिथे कुणाकडून तरी बसवून घेईन."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

कॅप मी केली. शनिवारी पूर्ण झाली, फक्त पॉलिश राहिलं. रंग तीन वेळा तपासला, तिन्ही वेळा उजेडात. सोमवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. काकू होत्या. धापा टाकत दारात उभ्या राहिल्या आणि खोलीभर नजर फिरवली.

"पॉलिश कोण करतं आता?"

"मीच."

"दिसतंच आहे," म्हणाल्या आणि जुन्या मशीनपुढे जाऊन बसल्या. मी कॅप त्यांच्या हातावर ठेवली. एवढ्याशा दाताला त्यांनी पाऊण तास घेतला. मी जवळ बसून साचे सोलत राहिले. मला वाटलं, त्या काही बोलतील. मला वाटलं, मी माफी मागेन. मागितलीही, मशीनच्या आवाजात. त्यांनी ऐकली असावी, कारण त्या म्हणाल्या, "उजेड सोड." मी बाजूला सरकले.

कुरिअर गेलं. काकू मंगळवारी परत आल्या, बुधवारीही. न्यायाधीशाची कवळी उचलून म्हणाल्या, "ही अशी पाठवणार होतीस?" आणि बसल्या. गुरुवारी जेवणाच्या आधी फोन वाजला. बहिणीचा नंबर.

"दात बसवला," ती म्हणाली. नुसतंच, ताई वगैरे काही नाही. तिची जीभ त्या दातावरून फिरत असणार, हे मला इथे बसून कळत होतं. "पॉलिश तुझं नाही."

"नाही. काकूंनी केलं."

"आहेत का तिथे?"

"आहेत."

"त्यांना दे."

मी फोन काकूंच्या हातात दिला. त्यांनी मशीन बंद केलं आणि फोन कानाला लावला. जेवणाची वेळ झालीच होती. बादली भरलेली होती, ती मी उचलली आणि जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्यांवर सांडली. बादली वळणावर नेऊन ठेवली, परत आले, फडकं घेतलं आणि पुसलं.